प्रथिन घडीची सुलभ प्रारूपे

प्रथिन घडीची सुलभ प्रारूपे म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार कसा ठरतो, हे अभ्यासण्यासाठी मुद्दाम साधी केलेली गणिती प्रारूपे होत. प्रथिनाची साखळी २० प्रकारच्या अमिनो आम्लांची असते व पाण्यात ती आपोआप घडी घालते. आकाराची माहिती क्रमातच असते, हे ख्रिश्चन अँफिन्सन यांनी प्रयोगाने दाखवले (नोबेल पारितोषिक, १९७२). मात्र क्रमावरून आकार कसा काढावा, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

एचपी प्रारूप

किट फुन लाउ व केन डिल यांच्या या प्रारूपात (१९८९) अमिनो आम्लांचे दोनच गट आहेत: जलविरोधी (एच) आणि ध्रुवीय (पी). बुद्धिबळाच्या पटावर मण्यांची माळ मांडावी, तशी साखळी चौरस जाळ्यावर मांडतात. एका घरात एकच मणी. माळेत सलग नसलेले दोन एच मणी शेजारी आले की ऊर्जा एका एककाने घटते. सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी हाच त्या क्रमाचा आकार. अशा मांडण्या एकाहून अधिक निघाल्यास क्रमाला निश्चित आकार नाही असे मानतात, आणि बहुतेक क्रमांचे तसेच होते: द्विमितीय जाळ्यावर सुमारे २ टक्के क्रमांनाच एकमेव आकार लाभतो.

हाओ ली, रॉबर्ट हेलिंग, चाओ तांग व नेड विंग्रीन यांनी १९९६ मध्ये ऊर्जेचे नियम थोडे बदलून, ३×३×३ घनात बसणाऱ्या २७ मण्यांच्या माळेचे सर्व १३,४२,१७,७२८ क्रम तपासले. त्यांतील ४.७५ टक्के क्रमांना एकमेव आकार मिळाला. त्यांची वाटणी मात्र फार विषम होती. एकाच आकाराच्या वाट्याला ३,७९४ क्रम आले, तर काही आकारांना एकही नाही. अनेक क्रमांचा आकार एखादा मणी बदलला तरी सहसा टिकतो, हा या कामाचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष होय.

इतर प्रारूपे

नोबुहिरो गो व सहकाऱ्यांच्या प्रारूपात (१९७५) अंतिम आकार आधीच ज्ञात धरून त्यातील संपर्कांनाच ऊर्जेचा लाभ दिला जातो. घडीची वाट त्यातून अभ्यासता येते. क्रमावरून आकार काढता येत नाही, कारण उत्तर प्रश्नातच दिलेले असते. मियाझावा व जेर्निगन यांनी (१९८५) ज्ञात प्रथिनांवरून २० अमिनो आम्लांच्या संपर्कऊर्जा काढल्या. आकारांची ही विषम वाटणी दोनच अक्षरे वापरल्यामुळे दिसते का, यावर अभ्यासकांत मतभेद झाले.

मर्यादा

विदर्भात व नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. एचपीच्या भाषेत, एका पीचा एच होतो. साखळीची घडी जवळपास तशीच राहते. परंतु पृष्ठभागावर आलेल्या या जलविरोधी ठिकाणामुळे ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात व तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. एकट्या साखळीचा विचार करणाऱ्या प्रारूपात हे चिकटणे दिसतच नाही.