सुएट पुडिंग : घाई असेल तर करू नका!

परवा लीड्समध्ये किराणा घेताना एका मराठी मुलीने सुएटचं खोकं दाखवून विचारलं, "ताई, हे काय असतं?" म्हणून ही पोस्ट.

सुएट म्हणजे गाय-बैल किंवा मेंढीच्या गुर्द्याभोवतीची टणक चरबी. शाकाहारी सुएटही मिळतं. खोकं नीट वाचून घ्या.

लोण्यापेक्षा सुएट उशिरा वितळतं. तोवर पीठ फुगून धरलेलं असतं, मग चरबीच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. पुडिंग हलकं होतं ते यामुळे.

माझं लाडकं ससेक्स पाँड पुडिंग. २०० ग्रॅम सेल्फ-रेझिंग मैदा, १०० ग्रॅम सुएट, दूध-पाणी. मळत बसू नका, गोळा जमला की पुरे.

लोणी लावलेलं भांडं पारीने आतून मढवा. त्यात लोण्याचे तुकडे, ब्राउन शुगर आणि टोचे मारलेलं अख्खं लिंबू. वर पारीचंच झाकण.

बटर पेपर आणि फॉइलला मधोमध चुणी घालून दोऱ्याने बांधा. पुडिंगला फुगायला जागा हवी. साडेतीन तास वाफवा. मध्ये पाणी घालायचं ते उकळतंच.

कापलं की सॉसचं तळं! साल मुरंब्यासारखी मऊ होते. साखरेत मात्र काटकसर नको, कडू लागेल.

आपल्या कुकरमध्येही होतं, शिट्टी काढून. काही अडलं तर विचारा.