ओतलेल्या डोंगरांची ताकद

चंद्रपूरहून घुग्घुसच्या वाटेला लागले की सपाट रानात मध्येच माथे कापलेले डोंगर दिसू लागतात. हे वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, खुल्या कोळसा खाणींचे ओबी (ओव्हरबर्डन) डंप. कोळशावरची काळी माती, कामठी थरांचा वालुकाश्म, शेल, चिकणमाती असे सगळे काढून डंपरने काठावरून लोटायचे, एवढीच त्यांची घडण. फोडलेला खडक मुळापेक्षा सहज पाव पटीने जास्त जागा खातो. ही वाढीव जागा म्हणजे पोकळी, आणि धोका तिच्यातच दडलेला.

लोटताना मोठे धोंडे पायथ्याशी गडगडतात, बारीक चुरा वर अडकतो. माथ्यावर भरलेले डंपर ये-जा करतात, म्हणून तिथे आपोआप दबाई होते. उतारावर मात्र एकही चाक फिरत नाही. जिथून घसरायचे, नेमके तिथलेच सामान सर्वांत सैल! त्यात शेल भिजून-वाळून काही पावसाळ्यांत भुगा होतो. टाकताना दगड असलेला डंप पुढे बराचसा मातीचा होतो.

माल किती दाबता येतो हे पाहणारी प्रयोगशाळेतली दबाईची चाचणी साधी आहे. साच्यात तीन थर, प्रत्येक थराला २.६ किलोच्या हातोड्याचे २५ ठोके. पायली ठोकून भरली की जास्त धान्य मावते, तसेच हे. फक्त इथे ओलावाही नेमका लागतो. कोरडी माती दबत नाही, अतिओली हातोड्याखालून निसटते. अडचण अशी की डंपमधले धोंडे त्या साच्यात मावतच नाहीत, म्हणून चाळून उरलेल्या बारीक मालावरून अख्ख्या डोंगराचा अंदाज बांधावा लागतो.

सैलपणाची किंमत वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावाने मोजली. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी खाणीचा सात नंबरचा ढिगारा शाळेवर आला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले. ढिगारा झऱ्यांवर रचलेला होता आणि ते झरे जुन्या नकाशांत दिसत होते. सैल, भिजलेले दाणे हलताच एकमेकांजवळ सरकू पाहतात, मधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, भार पाण्यावर येतो आणि डोंगर पातळ होऊन वाहतो. दाबलेल्या थरात उलटे घडते: सरकायचे तर दाण्यांना एकमेकांवर चढावे लागते, म्हणून तो थर अडतो. पुढे उरलेले ढिगारे हलवायला गावाच्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. १९९७ मध्ये ते परत मिळाले, तेवढेच, व्याज नाही.

इकडे वर्धा खोऱ्यात झऱ्यांची जागा काळी माती घेते. पावसात ती फुगते, निसरडी होते. तिच्यावर उभा डंप पायथ्यापासून सरकतो, मग वरचा दगड कितीही टणक असो. कोळसा खाणींचा नियम डंपच्या उताराला ३७.५ अंशांची मर्यादा घालतो. उतार दुरूनही मोजता येतो, तळ दिसत नाही. ओबीच्या कंत्राटाचा हिशेब हलवलेल्या घनमीटरवर चालतो, त्यामुळे दबाईसाठी थांबणे कुणाला परवडत नाही. निदान काळी माती खरवडून बाजूला ठेवणे आणि नाल्याला वाट काढून देणे तरी व्हावे. ते पहिला डंपर रिकामा होण्याआधीच जमते.