एकाच चुलीवर हनफी आणि शाफई

लग्न होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी खाडीतून ताज्या कुर्ल्या आल्या आणि सासूबाईंनी नव्या सुनेच्या कौतुकाने त्यांचं कालवण केलं. वाटलेल्या ओल्या खोबऱ्याचा वास घरभर सुटला होता. त्यांनी माझ्या ताटात वाढलं आणि मी हात आवरून बसून राहिले.

"अगो, खात का नाहीस?"

"आमच्यात चालत नाही."

"आमच्यात म्हणजे? तू मुसलमानच ना?"

त्या रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. मी मिरजेची. घरात दखनी बोलायची, शाळेत मराठी शिकलेली. हे घर दाभोळ खाडीच्या काठावरच्या कोकणी मुसलमानांचं. कुरआन एकच, पैगंबर एकच, नमाज पाच वेळांची, आणि तरी मी कुर्लीपाशी अडलेली. शेवटी सासरे म्हणाले, "ती हनफी आहे. तिला अंडं तळून दे." विषय तिथे संपला. माझ्यासाठी मात्र तो तिथे सुरू झाला. या गोष्टीला 22 वर्षं झाली. आई म्हणून मी मुलांना जो काही धर्म शिकवला, त्याची सुरुवात त्या ताटापासून होते.

एक किनाऱ्याचा, एक घाटावरचा

सुन्नी मुसलमानांत धर्मशास्त्राच्या चार परंपरा आहेत: हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली. चारींचा आधार कुरआन आणि हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदी, हाच आहे, फरक आहे तो त्यातून नियम काढण्याच्या रीतीत. भारतातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत, कारण ही परंपरा मध्य आशियातून खुष्कीच्या वाटेने, सुलतान आणि मोगलांच्या राजवटींबरोबर आली. शाफई परंपरा समुद्रावरून आली. अरब व्यापाऱ्यांची गलबतं जिथे लागली तिथे ती रुजली. म्हणून केरळचे मापिळा, भटकळचे नवायत आणि आमचे कोकणी मुसलमान शाफई आहेत, आणि थेट इंडोनेशिया-मलेशियापर्यंतचा किनाराही शाफईच आहे.

हनफी मतानुसार पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा खाता येतो. खेकडा मासा नाही, म्हणून तो वर्ज्य. कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफी आलिमांमध्येच, म्हणजे धर्मपंडितांमध्येच, मतभेद आहेत. शाफई मतानुसार समुद्राचं जवळजवळ सगळं चालतं. ज्यांचं पोटच खाडीवर आहे त्यांच्या घरात हीच परंपरा नांदावी, हे मला फार समजूतदारपणाचं वाटतं.

फरक ताटापुरता नव्हता. माहेरी असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची, बांग सासरच्यापेक्षा तासभर उशिरा व्हायची. शाफईंच्या मते वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की असरची वेळ सुरू होते, हनफींच्या मते ती दुप्पट व्हावी लागते. इथे मशिदीत 'आमीन' मोठ्याने म्हणतात, आमच्याकडे मनात. इथे फजरच्या, म्हणजे पहाटेच्या, नमाजात उभं राहून हात पसरून कुनूतची दुआ मागतात, आमच्याकडे नाही. ईदच्या नमाजातल्या जादा तकबीरही, म्हणजे 'अल्लाहु अकबर'चे घोष, इथे 12 आणि तिकडे 6. पहिल्या वर्षी मला सतत वाटायचं की माझी नमाज तरी चुकतेय किंवा यांची तरी.

मग मी वाचायला लागले. दोन गोष्टी सापडल्या आणि त्यांनी माझी घालमेल थांबवली. पहिली अशी, की कूफ्याचे इमाम अबू हनीफा आणि इमाम शाफई यांची भेट होणं शक्यच नव्हतं. सन 767 मध्ये अबू हनीफा गेले आणि त्याच वर्षी शाफईंचा जन्म झाला. पण पुढे बगदादमध्ये अबू हनीफांच्या कबरीजवळ फजर पढताना इमाम शाफईंनी आपली कुनूत सोडली, असं सांगितलं जातं. कारण विचारलं तर म्हणाले, या कबरीत झोपलेल्याच्या अदबीखातर. ज्यांच्या नावाने आपण वाद घालतो, त्या मोठ्या माणसांची वागणूक अशी आठवली जाते.

दुसरी गोष्ट इमाम शाफईंच्या आईची. शाफई गाझात जन्मले. वडील लवकर गेले. हाताशी पैसा नाही, मूल लहान. ती बाई पोराला घेऊन मक्केला आली, कारण त्याच्या बापाचं कुळ तिथलं होतं आणि विद्याही तिथे होती. कागदाला पैसे नसत म्हणून तो मुलगा हाडांवर लिहून घ्यायचा, असं त्यांची चरित्रं सांगतात. सातव्या वर्षी त्याला कुरआन पाठ होता. जगभरच्या कोट्यवधी लोकांनी नमाज कशी पढावी हे ठरवणाऱ्या माणसामागे एक एकटी विधवा आई उभी आहे, हे कळल्यावर मला माझं काम नव्याने दिसलं. माझा नवरा कुवेतला असतो. वर्षातून दीड-दोन महिने घरी येतो. खाडीकाठच्या गावांतून हीच रीत आहे, आधी बोटीवर जायचे, आता आखातात. इथला दीन बायकांच्याच हातात आहे.

ओंजळभर तांदूळ

मुलगी अंगावर पीत होती तेव्हा रमजान आला. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला, आजाऱ्याला, प्रवाशाला रोज्याची सूट आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. मी तेच करणार होते. सासूबाई म्हणाल्या, "आणि फिदिया?" बाळाच्या काळजीने रोजा सोडला असेल, तर शाफई मताप्रमाणे तो नंतर ठेवायचाच, शिवाय दर दिवसामागे एका गरिबाला एक मुद धान्य द्यायचं. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. हनफी मतात फक्त रोजा भरून काढणं पुरतं.

मला तेव्हा वाटलं, आणखी एक नियम लादला. सासूबाईंनी वाद घातला नाही. रोज संध्याकाळी त्या माझ्या मुलीचे चिमुकले हात तांदळाला लावायच्या आणि मग स्वतःच्या ओंजळीने एका डब्यात टाकायच्या. महिनाअखेर डबा गावातल्या एका म्हाताऱ्या बाईकडे गेला. पुढच्या वेळी, मुलाच्या वेळेस, मीच डबा काढला. माझ्या हनफी मताप्रमाणे ते बंधनकारक नव्हतं, आजही नाही. पण दुधाच्या बदल्यात कुणाच्या तरी घरी भात शिजतो, हा हिशेब मला पटला.

रोजा नसतानाचा उपास

हिजरी वर्ष चांद्र, सुमारे 354 दिवसांचं. आपल्या पंचांगासारखा त्यात अधिक महिना नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2016 मध्ये तो जूनमध्ये होता. 2025 साली मार्चच्या सुरुवातीला आला, तेव्हा माझ्या मुलीची दहावीची परीक्षा चालू होती.

तिने रोजे धरायचं ठरवलं. मी नको म्हटलं नाही, पहाटे सहरीला तिच्याबरोबर पुस्तकं घेऊन बसले. एका पेपरच्या दिवशी तिला पाळी आली. पाळीत रोजा नाही, नमाजही नाही. रोजे नंतर भरायचे, नमाज तर भरायचीही नाही. मुलगी पेपर देऊन आली आणि घोटभर पाणीसुद्धा न पिता बसून राहिली. "अम्मी, दादा बसलेत, भाऊ आहे. कसं खाऊ?" दादा म्हणजे तिचे आजोबा.

मला माझे दिवस आठवले. मिरजेच्या घरात आम्ही बहिणी त्या दिवसांत दाराआड पाणी प्यायचो, इफ्तारच्या वेळी सगळ्यांबरोबर खजूर उचलून रोजा असल्यासारखं दाखवायचो. अल्लाने दिलेली सूट माणसांपासून लपवायची, ही शिकवण आम्हाला कुठल्या किताबातून मिळाली नव्हती. हदीसमध्ये तर हजरत आयशा सांगतात, की पाळीच्या दिवसांतही पैगंबर त्यांच्याच पेल्यातून, त्यांनी जिथे ओठ लावले तिथूनच, पाणी प्यायचे. स्वयंपाकाला, स्पर्शाला, एकत्र बसायला मनाई नाही. लाज आम्ही शेजारपाजारच्या सगळ्या बायकांसारखीच वारशाने घेतली होती.

मी भात-आमटी वाढली आणि ताट ओटीवर नेलं, सगळ्यांसमोर. दहा वर्षांच्या मुलाने विचारलं, "ताईचा रोजा नाही?" म्हटलं, "नाही. बायकांना महिन्यातून काही दिवस सुट्टी असते, ती खुद्द अल्लाने दिलीय." तो "बरं" म्हणाला आणि खेळायला गेला. सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर काढून एवढंच विचारलं, "पेपर कसा गेला?"

अल्लाला मराठी येतं का?

हा प्रश्नही त्याच मुलाचा. अरबी अक्षरं गिरवून कंटाळला होता. मी सांगितलं, नमाज अरबीतच, कारण ती जगभर सगळ्यांनी मिळून पढायची. पण नमाजनंतर हात पसरून जे मागायचं ते तुझ्या भाषेत माग. त्या रात्री त्याने मराठीत दुआ केली: बाबांना ईदची रजा मिळू दे. माझा नवरा हे फोनवर ऐकून बराच वेळ बोलला नाही.

मराठी आणि इस्लाम यांची ओळख आजची नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहीत होते, आणि संतांच्या मांदियाळीत त्यांना मान मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी कुरआन मुळातून वाचता यावा म्हणून अरबी शिकून घेतली आणि 'कुराण-सार' सिद्ध केलं. मी स्वतः चाळिशीपर्यंत कुरआन नुसता पढत होते. अर्थ पहिल्यांदा मराठी अनुवादातून वाचला. लुकमान सुरेत आईने मूल पोटात वाहिलं, अशक्तपणावर अशक्तपणा सोसला, दोन वर्षांत दूध तोडलं, याची अल्ला आठवण देतो. ती सुरा मला लहानपणापासून माहीत होती, तिच्यात मी आहे हे माहीत नव्हतं.

हक्कसोड

मुलगी वाचायला लागली की अवघड प्रश्न येतात. "भावाला दोन वाटे आणि मला एक, का?" सूरह निसामध्ये तो नियम आहे. आलिम त्याचं कारण सांगतात: घर चालवण्याची जबाबदारी पुरुषाची, बाईची मेहर आणि कमाई तिची एकटीची. मी तिला हे सांगितलं आणि हेही सांगितलं, की आज जिथे बायका कमावून घर चालवतात तिथे हे कारण लंगडं पडतं, असं मला वाटतं. मग वाट दाखवली. वाटणी मृत्यूनंतरची. हयातीत दिलेली भेट, म्हणजे हिबा, निराळी, आणि भेट देताना मुलांमध्ये दुजाभाव करू नका अशी पैगंबरांची ताकीद आहे. आम्ही दोघांनी घर आणि आंब्याची कलमं दोन्ही मुलांना हिब्याने सारखी द्यायचं ठरवलं आहे.

खरं दुखणं मात्र वेगळंच आहे. तो एक वाटाही बहिणींना कुठे मिळतो? भाऊ येतात, साडी देतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात. शेजारच्या काकूंनीही सही केली. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, तरी केली. कायदा दोघींचा वेगळा, कागद मात्र एकच.

बायकांच्या हक्कांसाठी लढलेले समाजसुधारक हमीद दलवाई आमच्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 18 एप्रिल 1966 ला मुंबईत त्यांच्याबरोबर सात मुस्लिम बायका तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मोर्च्याने गेल्या. आजही इथे त्यांचं नाव काढलं की आवाज चढतात. दलवाईंच्या धर्मविचाराशी मी सहमत नाही, मी श्रद्धा ठेवणारी बाई आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला तो 2017 मध्ये, त्या सातजणी निघाल्यानंतर 51 वर्षांनी. माझी मुलगी ज्या सुरक्षिततेत सासरी जाईल, त्यात त्यांचा वाटा आहे, आणि हे मी तिला नाव घेऊन सांगते.

हाजराची धावपळ

हजला जाणारा प्रत्येक जण, राजा असो की खलाशी, सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो. ही हाजराची धाव आहे. वाळवंटात तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत ती इकडून तिकडे धावली आणि जमजम फुटला. एका आईची घालमेल ही इबादत ठरली. सासूबाई हज करून आल्या तेव्हा गुडघे धरून म्हणाल्या, "मी सातच फेऱ्या मारल्या. घरात किती मारल्या ते कुणी मोजलं?" मी ते वाक्य जपून ठेवलं आहे, कारण माझ्या धर्माचं इतकं सोपं सार मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

लोक विचारतात, घरी मुलांना धर्म कसा शिकवता? मी सांगते, माझी मुलं शाफई बापाची आहेत आणि हनफी आईच्या हाताखाली वाढली. आईची असर उशिराची, दादीची आधीची, आणि दोन्ही कबूल होतात हे त्यांना पाठ करावं लागलं नाही. ज्या मुलाला घरातच दुसरी रीत दिसते, त्याला शेजारच्या तुळशीपुढचा दिवा परका वाटत नाही.

आमच्याकडे कुर्ल्या आजही येतात. मीच त्या साफ करते, वाटण लावते, मुलांना वाढते, आणि स्वतः खात नाही. त्या दिवशी चुलीवर माझ्यासाठी एक लहान पातेलं वेगळं चढतं. 22 वर्षांत कुणी मला आग्रह केला नाही आणि कुणी ते पातेलं विसरलंही नाही. वाचकहो, तुमच्या घरातही कुणी एक जण वेगळं मानणारा असेल. त्याचं पातेलं चढवायला विसरू नका. मुलं बघत असतात.