दोन टनांची सुरी

उंधियूसाठी जांभळा कंद चिरायला घेतलाय आणि सुरीवर हाताचा भार पडलाय साधारण एक किलोचा, असं समजा. धारेची पाच सेंटीमीटर लांबी कंदाला टेकली आहे. चांगल्या धारेचं टोक किती जाड असतं? जेमतेम एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! आता भागाकार करून बघा. दाब भरतो दर चौरस सेंटीमीटरला दोन टन. पृथ्वीवरच्या सर्वांत खोल जागी, मारियाना गर्तेच्या तळाशी, पाण्याचा दाब सव्वा टनसुद्धा नसतो. सुरतेतल्या ओट्याशी उभं राहून आपण महासागराला मागे टाकतो, आणि तेही दोन-तीनशे रुपयांच्या सुरीनं!

मग काही सुऱ्या कंदात का अडकतात? धार फक्त वाट उघडते, मागून अख्खं पातं आत शिरायचं असतं. पातं जाड असेल तर ते पाचरीसारखं कंद फाडत जातं. म्हणून दुकानात सुरी टोकाकडून डोळ्यासमोर धरा. मागची कड दोन मिलिमीटरच्या आसपास हवी आणि तिथून धारेपर्यंत पातं निमुळतं होत गेलेलं दिसावं. लांबी पंधरा-अठरा सेंटीमीटर पुरते. मूठ धरून पातं काउंटरवर टेकवा. बोटांची पेरं खाली आपटत असतील तर ती सुरी परत ठेवा.

पोलाद स्टेनलेसच घ्या. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेतला ऑक्सिजन मिळाला की ते पात्यावर डोळ्यांना न दिसणारा थर चढवतं. ओरखडा उठला तर तो थर आपोआप पुन्हा धरतो! तापीकाठच्या दमट हवेत याहून काय हवं?

स्वस्त पोलाद जरा मऊ असतं, आणि मला तो गुणच वाटतो. अतिकडक धारेचे टवके उडतात. मऊ धार नुसती वळते आणि चटकन पुन्हा लागते. फक्त ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेवर चिरू नका, लाकडी पाट घ्या.

धार लावायला हिऱ्याची भुकटी बसवलेली पट्टी मिळते. सुरतेतल्या वराछा-कतारगामच्या कारखान्यांत हिरेही हिऱ्याच्याच भुकटीनं घासतात. पण हिरा हिऱ्याला घासतो कसा? तो सगळ्या दिशांनी सारखा कठीण नसतो! भुकटीतले कण कसेही पडलेले असतात, त्यामुळे काहींची कठीण बाजू समोरच्या हिऱ्याच्या त्यातल्या त्यात मऊ दिशेला भिडतेच. पोलादाचा तिथे काय पाड?

पट्टी नसेल तर चिनीमातीचा कप उपडा करा. बुडाची खरखरीत, चकाकी नसलेली कडा पोलादाहून कठीण असते. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा, साडेबावीस अंश मिळतात. पातं तेवढंच तिरकं धरून त्या कडेवर दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं ओढा, आणि मग पिकलेल्या टोमॅटोवर लावून बघा.