गल्ल्यापाशीं विचारला जाणारा प्रश्न

शाळा उघडण्याच्या दिवसांत अमरावतीच्या राजकमल चौकाच्या आसपास वह्या, दप्तरें व गणवेष घेणाऱ्यांची केवढी दाटी होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अशाच एका दाटींत आम्ही एका दुकानांत उभे होतों. आमच्या पुढें नववीच्या वर्गांतील एक मुलगी होती. तिनें कंपासपेटी व कांहीं वह्या घेतल्या आणि पैसे पुढें केले. गल्ल्यावरील तरुणानें संगणकावरची नजर न काढतां विचारलें, "मोबाईल नंबर?" मुलीनें क्षणभर मागें वळून पाहिलें. मागें दहा-बारा अनोळखी माणसें उभीं होतीं. मग तिनें आपल्या आईचा क्रमांक एकेक अंक करून सांगितला. तरुणास तो नीट ऐकूं आला नाहीं, म्हणून पुनः मोठ्यानें सांगितला. त्यानंतर नांव व जन्मतारीख हींहि विचारण्यांत आलीं, व तींहि तिनें सांगितलीं.

वह्यांचे पैसे तिनें दिले, त्यांची पावती तिला मिळाली. परंतु पैशाखेरीज ज्या तीन गोष्टी तिनें दिल्या, त्यांची पावती तिला कोणी दिली? त्या कोणत्या कामासाठीं घेतल्या, कोठें ठेवल्या, किती दिवस राहणार आणि आणखी कोणाच्या हातीं जाणार, यांपैकीं एकहि गोष्ट तिला कोणी सांगितली नाहीं, आणि आपण विचारावी असें तिच्याहि मनांत आलें नाहीं. कारण मोठ्या माणसानें विचारलें म्हणजे उत्तर द्यावें, अशीच शिकवण आपण मुलांस देतों. ती शिकवण चांगली आहे. परंतु तिला एक मर्यादा आहे, व ती कोणती हें स्पष्ट करावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कोणी म्हणेल, यांत नवें तें काय? पूर्वीच्या दुकानदारास गिऱ्हाइकाची माहिती नव्हती काय? होती, आणि पुष्कळ होती. सक्करसाथेंतील किराणा दुकानदारास अमक्याच्या घरीं माणसें किती, लग्न केव्हां आहे, उधारी किती थकली आहे, हें सर्व ठाऊक असे. पण ती माहिती एका वहींत असे, ती वही त्याच्या गादीपाशीं असे, आणि तिची नक्कल करावयाची तर एका माणसास दिवसचे दिवस बसावें लागे. शिवाय आपण जसे त्याच्या वहींत होतों, तसा तोहि आपल्या ओळखींत होता. त्याचें घर, त्याचे वडील, त्याची अब्रू आपणांस माहीत असे. आजच्या मोठ्या दुकानांतील नोंद ही निराळी वस्तु आहे. ती दुकानांत राहत नाहीं. ती दूरच्या शहरांतील यंत्रांत जाते, क्षणांत तिच्या हजार नकला होऊं शकतात, आणि ती पाहणारा मनुष्य आपण कधींहि पाहिलेला नसतो.

दुकानांस हा क्रमांक इतका हवा कशास असतो? नांवें सारखीं असूं शकतात, घर बदलतें, पण मोबाईल क्रमांक वर्षानुवर्षें तोच राहतो. म्हणून निरनिराळ्या दिवशीं केलेली खरेदी त्या एका क्रमांकाखालीं मांडतां येते. घरांत कोणत्या मापाचे कपडे लागतात, लहान मूल आहे कीं नाहीं, सणाच्या आधीं किती खर्च होतो, औषधें कोणत्या प्रकारचीं लागतात, हें त्यावरून कळतें, आणि मग त्या धोरणानें जाहिराती पाठवितां येतात. यांत सर्वच वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं दुकानें नित्याच्या गिऱ्हाइकांस सवलत देतात. पावती मोबाईलवर आली म्हणजे कागद वांचतो. वस्तु परत करतांना जुनी पावती सांपडते. ज्यास ह्या सोयी हव्या असतील, त्यानें खुशाल क्रमांक द्यावा.

परंतु देतांना एवढें ध्यानांत असावें कीं, हा क्रमांक म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याची कडी आहे. बँकेचें खातें, आधार, घरच्या माणसांचे निरोप, खरेदीविक्रीचे ओटीपी, हीं सर्व त्याच कडींत अडकविलेलीं असतात. नुसता क्रमांक कळल्यानें कोणी बँक लुटीत नाहीं हें खरें. पण क्रमांक, नांव, जन्मतारीख आणि काल कोठें काय घेतलें हें एकत्र कळलें, म्हणजे भामट्याचें बोलणें खऱ्यासारखें वाटूं लागतें. "आपण परवां आमच्याकडे साडी घेतली, तिच्यावर बक्षीस लागलें आहे," असा फोन आला, तर भोळा मनुष्य विश्वास ठेवतो, कारण साडी त्यानें खरोखरच घेतलेली असते.

व्यवहारांत कोणती गोष्ट उघडी असावी आणि कोणती झांकलेली, हा प्रश्न आमच्या वऱ्हाडास नवा नाहीं. हिंदुस्थानांतील पुष्कळ जुन्या बाजारांत मालाचा भाव बोलून ठरत नसे. दलाल कापडाखालीं एकमेकांचा हात धरीत व बोटें दाबून आंकडा सांगत. माल ज्याचा, त्या शेतकऱ्यास शेजारीं उभा असूनहि भाव कळत नसे. जें उघडें असावयास पाहिजे, तें झांकलेलें होतें. असल्या गैरव्यवहारांस आळा घालण्याच्या कामीं वऱ्हाड पुढें होतें. आज वाशीम जिल्ह्यांत असलेल्या कारंजा येथें १८८६ सालीं हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वयें देशांतील पहिला नियंत्रित कापूस बाजार स्थापन झाला, आणि १८९७ सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. भाव आणि माप हीं उघडीं असावीं, हें तत्त्व अमरावती-अकोल्याच्या कापूसबाजारांनीं इतक्या लौकर पाहिलें.

आज आपण गल्ल्यापाशीं त्याच तत्त्वाची दुसरी बाजू शिकावयाची आहे. वस्तूची किंमत, वजन, कर व पावती हीं दुकानदाराकडून उघडपणें मिळालीं पाहिजेत. पण गिऱ्हाइकाचें घर, वय, आजार व क्रमांक हीं सौद्याचा भाग नव्हेत. वस्तु दिली, पैसे घेतले, पावती फाडली, कीं सौदा पुरा झाला. त्यापुढें जें मागितलें जातें, तो दुसरा सौदा होय. आणि त्यासाठीं निराळी संमति पाहिजे.

आपल्या देशाचा कायदाहि याच दिशेनें आला आहे. निवृत्त न्यायमूर्ति के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. ग्राहकानें विश्वासानें दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसतां दुसऱ्यास देणें, तसेंच विकलेल्या मालाची पावती न देणें, ह्या दोन्ही गोष्टी त्यांत अनुचित व्यापारी प्रथा म्हणून सांगितल्या आहेत. मे २०२३ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें किरकोळ विक्रेत्यांस सूचना केली कीं, मोबाईल क्रमांक दिल्यावांचून पावती होत नाहीं असा आग्रह धरूं नये; असा आग्रह ग्राहक संरक्षण कायद्याच्या विरुद्ध आहे.

त्याच वर्षीं ११ ऑगस्ट रोजीं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले, व मुख्य कलमें त्यापुढें १८ महिन्यांनीं अंमलांत यावीं असें ठरविण्यांत आलें. या कायद्यांत संमति कशी असावी हें सांगितलें आहे: ती मोकळ्या मनानें दिलेली, विशिष्ट कामापुरती, समजून उमजून दिलेली व बिनशर्त असावी. कायद्यानें एक उदाहरणहि दिलें आहे. एक बाई औषधाच्या दुकानांत खरेदी करते आणि पैसे मिळाल्याचा निरोप मोबाईलवर पाठवा म्हणून आपण होऊन माहिती देते; तर दुकानदारास ती माहिती तो निरोप पाठविण्यापुरती वापरतां येईल. संमति मागतांना द्यावयाची सूचना इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींतील २२ भाषांपैकीं कोणत्याहि भाषेंत वाचावयास मिळण्याची सोय असली पाहिजे, व त्यांत आपली मराठी आहे. दिलेली संमति मागें घेण्याचाहि हक्क आहे. आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी अशी गोष्ट ही कीं, या कायद्याप्रमाणें १८ वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे. त्याची माहिती घ्यावयाची तर आईबापांची संमति, तीहि पडताळून पाहतां येईल अशी, घ्यावी लागते. म्हणजे त्या नववीच्या मुलीस जें विचारलें गेलें, तें वास्तविक तिच्या आईस विचारावयास हवें होतें.

तथापि प्रत्येक वेळीं नकार देणें हेंहि शहाणपणाचें नव्हे. कांहीं ठिकाणीं माहिती मागणें हें दुकानदाराचें कर्तव्यच असतें. अनुसूची एच-१ मधील औषधें विकतांना रुग्णाचें नांव, डॉक्टरांचें नांव व पत्ता आणि औषधाची मात्रा नोंदवहींत लिहावी लागते व ती नोंद तीन वर्षें ठेवावी लागते. हा नियम १ मार्च २०१४ पासून लागू झाला. ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीच्या करपात्र मालाच्या पावतीवर खरेदीदाराचें नांव व पत्ता घालावा लागतो. नवें सिमकार्ड घेतांना ओळख पटवावी लागते. घरपोंच माल हवा असेल, तर पत्ता सांगितल्यावांचून तो येणार कसा? अशा वेळीं माहिती आनंदानें द्यावी. भेद ओळखण्याची खूण सोपी आहे. "ही माहिती कशासाठीं?" असें विचारावें. ज्याच्यापाशीं खरें कारण आहे, तो तें एका वाक्यांत सांगतो.

हा प्रश्न विचारावयास फार शिक्षण लागतें असें नाहीं. अकोल्यास टिळक रस्त्यावरील एका कापडाच्या दुकानांत आम्हीं तो एका खेड्यांतल्या म्हाताऱ्या आजीच्या तोंडून ऐकला. लुगड्याचे पैसे तिनें मोजून दिले, आणि क्रमांक विचारतांच ती म्हणाली, "काहून रे बाप्पा, पैसे देल्ले ना तुले? मंग माहा नंबर कायले पाह्यजे?" गल्ल्यावरचा तरुण हसला. त्यानें एक कळ दाबली, आणि क्रमांकाची जागा रिकामी राहूनच पावती बाहेर आली. जी गोष्ट होत नाहीं असें आपणांस नेहमीं वाटतें, ती एका साध्या प्रश्नानें झाली. आम्हीं स्वतः तोंवर कितीदां मुकाट्यानें क्रमांक सांगितला होता, याची त्या वेळीं थोडी लाज वाटली.

विद्यार्थिमित्रहो, नकार देतांना पुढील गोष्टी मनांत ठेवा. प्रथम, सौजन्य सोडूं नका. गल्ल्यावरचा मुलगा हा नोकर आहे. क्रमांक मिळवा असें त्यास वरून सांगितलेलें असतें. त्याच्यावर रागावणें अन्यायाचें आहे. "दादा, नंबर द्यायचा नाहीं, नुसती पावती द्या," एवढें पुरे. दुसरें, खोटा क्रमांक सांगूं नका. आपण गमतीनें जुळविलेले दहा अंक कोणा दुसऱ्याचे असतात, आणि मग आपला त्रास त्या निरपराध्याच्या माथीं बसतो. शिवाय तें असत्यच. तिसरें, क्रमांक द्यावाच लागला, तर चार लोकांत मोठ्यानें न सांगतां कागदावर लिहून दाखवा व कागद परत घ्या. मुलींनीं तर हें कटाक्षानें पाळावें. चौथें, मोबाईलवर आलेला ओटीपी कोणी मागितला, तर आधीं तो निरोप पूर्ण वाचा; तो कशाचा आहे हें कळल्यावांचून अंक सांगूं नका.

एवढेंहि करून कोणी पावती नाकारली, तर व्यवस्थापकास भेटावें. तेथेंहि दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक १९१५ आहे, आणि अमरावती व अकोला या दोन्ही ठिकाणीं जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. नको असलेल्या जाहिराती थांबविण्यासाठीं १९०९ वर कळवितां येतें. फसवणुकीनें पैसे गेले, तर वेळ न दवडतां १९३० वर फोन करावा.

शेवटीं दोन शब्द पालकांस. आमच्या शाळेंतील कित्येक मुलांच्या घरीं दुकानें आहेत, आणि त्यांच्या वडिलांनीं सचोटीनें तीं वाढविलीं आहेत. त्यांस आमची विनंति आहे कीं, आपल्या गल्ल्यावर क्रमांक विचारला जात असेल, तर "ऐच्छिक" अशी एक पाटी तेथें लावावी, व जमा झालेली माहिती आपल्या उधारीच्या वहीइतकीच जपावी. ज्या पालकांचीं दुकानें नाहींत, त्यांनीं मुलांस बाजारांत पाठवितांना पैसे व यादी यांबरोबर एक वाक्यहि द्यावें: "घरचा नंबर कोणी मागितला, तर आईबाबांस विचारून सांगतों, असें म्हण." हें वाक्य त्या मुलीस ठाऊक असतें, तर त्या दिवशीं तिला मागें वळून पाहावें लागलें नसतें.