कडक शॉकअप म्हणजे जास्त पकड नव्हे

काही स्पोर्ट्स कारच्या शॉकअपवर तो कडक-मऊ करायची एक छोटी फिरकी असते. फिरवली की 'टक्' असा आवाज येतो. तो एक क्लिक. ट्रॅकवर जायचं म्हणजे सगळे क्लिक आवळायचे, असा समज बराच पसरलेला आहे.

मुळात गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपमधलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि स्प्रिंगची उसळी आवरते. हे डॅम्पिंग (हालचालीला घातलेला आवर). बँकेच्या काचेच्या दारावरचा डोअर क्लोजर आठवा: दार ओढते स्प्रिंग, आपटू देत नाही ते तेल. स्क्रू फार आवळला, तर दार मिटता मिटत नाही.

चाकाचंही तसंच. रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत ताणली जाणं) फार कडक असला, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर चाक वेळेत खाली येत नाही, टायर नीट टेकत नाही आणि पकड जाते. वळणावर गाडी शेवटी किती कलणार, हे मुख्यतः स्प्रिंग आणि अँटीरोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) ठरवतात. शॉकअप ठरवतो ती किती झटकन कलणार ते. म्हणून गुळगुळीत ट्रॅकवर कडक सेटिंगने गाडी स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देते. पण जर्मनीतला नुरबुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ, सुमारे २०.८ किलोमीटरचा आणि चांगलाच उंचसखल, तिथे थोडं मऊच बरं. ट्रॅक असूनही!

फिरकी अलगद पूर्ण आवळा, ते शून्य. तिथून मागे क्लिक मोजा, डाव्या-उजव्या बाजूला सारखेच. एका वेळी दोनच बदला, वहीत टिपा. घरी निघण्याआधी रस्त्यावरच्या सेटिंगचा आकडा पुन्हा लावा.