आंबट बिअर? आधी सोलकढीला विचारा!

बिअर कडू असते, एवढंच ऐकून असाल तर ही ओळख तुमच्यासाठी. यातलं निम्मं विज्ञान तुमच्या स्वयंपाकघरात आधीच सुरू आहे.

'पीठ आंबलं का गं?' आंबोळ्या करायच्या दिवशी हा प्रश्न कोकणातल्या घराघरांत ऐकू येतो. गंमत बघा, 'आंबणं' म्हणजे फर्मेंट होणं आणि 'आंबणं' म्हणजे आंबट होणंसुद्धा. इंग्रजीत यासाठी दोन वेगळे शब्द लागतात, आपलं एकावर भागतं. सध्या मोठ्या शहरांतल्या मेन्यूकार्डांवर दिसणाऱ्या 'सावर बिअर'चं मर्म याच शब्दात आहे.

नेहमीची बिअर म्हणजे मोड आणलेली बार्ली, पाणी, हॉप्स आणि यीस्ट. यीस्ट साखर खातं. अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हॉप्समुळे कडवटपणा येतो आणि आंबट करणाऱ्या बॅक्टेरियांना चापही बसतो. तरी ते घुसलेच तर माल आंबतो आणि ओतून द्यावा लागतो. १८५६ मध्ये फ्रान्सच्या लील शहरात बिटापासून अल्कोहोल बनवणाऱ्या एका कारखानदाराची हीच तक्रार होती. ती घेऊन तो लुई पाश्चरकडे गेला. पाश्चरने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर बिघडलेल्या मालात गोल यीस्टऐवजी काड्यांसारखे बारीक जीव दिसले. पुढच्याच वर्षी त्याचा लॅक्टिक फर्मेंटेशनवरचा निबंध आला. सावर बिअरवाले करतात ते उलटंच. ज्यांना इतर ब्रुअरीज दाराबाहेर ठेवतात, त्यांनाच हे मुद्दाम घरात घेतात.

चव ओळखायची कशी?

आंबट सगळं एकसारखं नसतं, हे कोकणी जिभेला सांगायला नको. ताकाचा आंबटपणा लॅक्टिक ॲसिडचा, व्हिनेगरचा ॲसेटिक ॲसिडचा आणि कोकमाचा त्या फळाचा स्वतःचा. हाच नकाशा घेऊन युरोपात फिरू या.

बर्लिनर वाइस: बर्लिनची गव्हाची बिअर. हलकी, ताकासारखी स्वच्छ आंबट, अल्कोहोल साधारण तीन टक्के. तिथे ती रास्पबेरीचं सरबत घालूनही देतात.

गोझे: जर्मनीतल्या गोस्लार गावची, नाव कमावलं लाइपझिगमध्ये. हिच्यात मीठ आणि धणे पडतात! आंबट, खारट आणि वर कोथिंबिरीच्या कुळातला वास. सोलकढी आठवली ना? १९६०च्या दशकात ही बिअर जवळपास संपली होती. १९८०च्या दशकात लाइपझिगमधल्या मोजक्या हौशी लोकांनी ती पुन्हा उभी केली. आज ती जगभर बनते.

लॅम्बिक: ब्रसेल्स आणि आसपासची. उकळलेला बार्ली-गव्हाचा काढा थंडीच्या दिवसांत उथळ, उघड्या हौदात रात्रभर ठेवतात. विरजण घालायचं नाही, हवेतून आणि लाकडातून येतील ते जीव खरे. मग पिंपात एक ते तीन वर्षं मुक्काम. तिला गोठ्यासारखा वास येतो आणि शौकिनांना तोच आवडतो. आंबट चेरी घातली की ती 'क्रीक' होते.

झटपट पद्धतही आहे. काढ्यात लॅक्टोबॅसिलस सोडून एक-दोन दिवस उबेत ठेवायचा, हवा तेवढा आंबला की उकळून बॅक्टेरिया मारायचे आणि मग यीस्ट घालायचं. आजच्या बहुतेक नव्या सावर अशाच बनतात.

आपल्या अंगणात

लॅम्बिकची करामत कोकणाला नवी नाही. पहाटे माडावरून उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढलं की हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट तिची माडी करतं, आंबट करणारे बॅक्टेरियाही सोबतीला असतात. आणखी ठेवली तर व्हिनेगर. गोव्यातल्या कितीतरी पदार्थांत हेच माडाचं व्हिनेगर लागतं आणि सान्नांचं पीठ माडीवर फुगवतात.

आणि कोकम? पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने कोकम आणि मीठ वापरून 'सॉल्टेड कोकम एल' काढली. म्हणजे आपलं आगळ बिअरच्या ग्लासात पोहोचलंय. दुसरीकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन असूनही वळवाचा पाऊस लवकर आला की सोलं वाळत नाहीत आणि फळं झाडाखाली कुजतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकमाची 'कोकण अमृता' ही जात दिली, सरबत-आगळाचे उद्योगही आहेत. पण आमसुलाच्या पलीकडे विचार करणारी डोकी कमी पडतात. कोकण पिकवणार आणि नवी चव शोधण्याचा पैसा शहर कमावणार, हे असंच चालू द्यायचं का?

आता कामाचं बोलू

महाराष्ट्रात माइल्ड बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१, बाकी मद्यासाठी २५ आणि वर परवाना लागतो. घरी बिअर बनवणं बेकायदा आहे. त्यामुळे बहुतेक कॉलेजवाल्यांसाठी हा विषय तूर्त वाचण्याचा आणि शिकण्याचा. आंबट चव सरबतासारखी लागते म्हणून त्यात अल्कोहोल नाही असंही समजू नका.

शिकायचं तर वाट मोकळी आहे. मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, फूड टेक्नॉलॉजी यांतून इथे पोहोचता येतं. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकवतात. पहिलं प्रॅक्टिकल मात्र घरीच होईल. आंबोळीच्या पिठाच्या तीन वाट्या घ्या. एक फ्रिजमध्ये, एक ओट्यावर आणि एक उबदार कोपऱ्यात ठेवा. दर तीन तासांनी पीएच पेपर बुडवा, वास घ्या आणि वहीत लिहा. कुठली वाटी आधी आंबली आणि का, हे आईला नीट समजावता आलं तर सावर बिअर निम्मी समजली. उरलेल्या पिठाच्या आंबोळ्या घाला.